वाड्यातला पहिला काका

इतिहास शिकविणाऱ्या मास्तराला काही तास स्वतःलाच नकोसे वाटतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा तास हा माझ्या बाबतीत त्यांतला एक. मी फळ्यावर ३० ऑगस्ट १७७३ ही तारीख लिहितो, गणपतीचे दिवस होते एवढे सांगतो, आणि गारदी वाड्यात शिरले असे म्हणायच्या आतच मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ती आरोळी देतो. सारा वर्ग हसतो. ज्या हाकेने एका तरुण पेशव्याचा शेवट झाला, ती हाक अडीचशे वर्षांनी पोरांच्या खेळातली होऊन बसली आहे. "काका, मला वाचवा" एवढ्या तीन शब्दांत आमच्या पोरांना पेशवाई पाठ असते.

गेल्या पावसाळ्यात त्या हशातच पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्गात सहसा न बोलणारा. त्याने विचारले, "गुरुजी, वाड्यातले सगळेच काका असे होते का?"

तास संपल्याची घंटा झाली, आणि मी "उद्या सांगतो" म्हणून खडू ठेवला. दुसऱ्या दिवशी जे सांगितले ते अगदीच त्रोटक होते. या दिवाळीत सवड काढून ते नीट सांगावे म्हणतो. कारण त्या प्रश्नाचे देणे माझ्याकडे आणखी एका बाजूनेही लागते. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे आमचे घर चालविले ते काकांनी. शाळेची फी भरायच्या दिवशी ते पहाटे उठून पैसे देव्हाऱ्यापुढे ठेवीत आणि न बोलता कामावर जात. आईच्या हातात त्यांनी ते कधी दिले नाहीत. वहिनीला मिंधेपण वाटू नये, एवढाच त्यात हेतू. तेव्हा 'काका' या शब्दाला बसलेला डाग मला वर्गातल्या इतरांपेक्षा अंमळ अधिक झोंबतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

शनिवारवाड्याचा पाया घातला गेला तो १७३० च्या जानेवारीत. वास्तुशांत झाली १७३२ साली. त्या वाड्यात वावरलेला पहिला काका म्हणजे चिमाजी अप्पा. बाळाजी विश्वनाथांचा धाकटा मुलगा, पहिल्या बाजीरावांचा धाकटा भाऊ आणि नानासाहेब पेशव्यांचा काका. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात: चिमाजी अप्पाने वसई घेतली. ओळी खऱ्या आहेत. पण माणूस त्यांत मावत नाही.

श्रीवर्धनच्या भटांचे हे घराणे सिद्दीच्या जाचाने घाटावर आले. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि एप्रिल १७२० मध्ये सासवडास वारले. मागे पत्नी राधाबाई, दोन मुलगे आणि दोन मुली. थोरले बाजीराव विशीला टेकलेले. अप्पांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा धरतात, म्हणजे ते जेमतेम तेरा वर्षांचे. थोरली मुलगी भिऊबाई बारामतीच्या जोशी सावकारांच्या घरी दिलेली, तर अनूबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. पंधरवड्याच्या आत शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना दिली. दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांना हे पोरवयाचे पेशवेपण रुचले नव्हते. एकाने घोड्यावर बसून मुलूख मारायचा, तर दुसऱ्याने मागे राहून घर, दरबार आणि सावकार सांभाळायचे, अशी वाटणी त्या दोघा भावांत कधी बोलून झाली असेल असे वाटत नाही. ती होत गेली. घराघरांतून होते तशीच.

बाजीराव उत्तरेत असले की साताऱ्यास महाराजांची मर्जी राखणे, प्रतिनिधींसारख्या प्रतिस्पर्ध्यांच्या चाली ओळखणे, फौजेला पैसा पोचविणे, देणेकऱ्यांची तोंडे बंद ठेवणे ही सारी कामे अप्पांकडे. बाजीरावांच्या कर्जाची कहाणी प्रसिद्धच आहे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजल्याची तक्रार केली आहे. थोरल्या भावाचे कपाळ झिजत होते, हे पत्रांत उरले. धाकट्याचे किती झिजले, ते विचारायला कुणी गेले नाही. त्यातून अप्पांची प्रकृती नाजूक. खोकल्याने आणि दम्याने हा माणूस नेहमी बेजार असे. तलवारीपेक्षा अंथरुणाने त्यांना आधी गाठावे, असा त्यांचा पिंड होता.

पण कारकुनी सांभाळणारा भाऊ म्हणजे लढाई न येणारा भाऊ नव्हे. नोव्हेंबर १७२८ मध्ये बाजीराव वेगळ्या वाटेने बुंदेलखंडाकडे निघाले असता अप्पांनी माळव्यात अमझेरा येथे गिरिधर बहादूर आणि दया बहादूर या दोघा मोगली सरदारांना एकाच लढाईत बुडविले. माळव्याचा दरवाजा उघडला तो त्या दिवशी. अप्पांचे वय तेव्हा एकवीसच्या आसपास. पुढे १७३५ साली राधाबाई काशीयात्रेस गेल्या. मुलांची जरब अशी की उदेपूर-जयपूरच्या दरबारांनी या विधवा बाईंचे सत्कार केले. आई यात्रेत होती तेव्हाच, एप्रिल १७३६ मध्ये, अलिबागेजवळ रेवसच्या बाजूस सिद्दी सात हा जंजिऱ्याचा सरदार अप्पांशी लढताना मारला गेला. परशुरामाचे देऊळ उद्ध्वस्त करणारा तो हाच. ज्या सिद्दीच्या भीतीने बापाला गाव सोडावे लागले, त्याच्या सर्वांत कडव्या सरदाराचा हिशेब धाकट्या मुलाने चुकता केला. आई यात्रेहून परतली तेव्हा याहून मोठा प्रसाद तिच्या हातावर कुणी ठेवला असेल?

आता वसई. मुंबईच्या उत्तरेची साष्टी आणि वसईचा टापू दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगिजांकडे होता. तेथल्या रयतेला देव पुजणे, लग्नकार्य करणे कठीण झाले होते. अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी पुण्यास खेटे घालघालून ही मोहीम पेशव्यांच्या गळी उतरविली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला. योग पाहा, त्याच महिन्यात बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकले होते. त्या स्वारीची सविस्तर हकिकत त्यांनी पत्राने कळविली ती कुणाला? अप्पांना. दिल्लीच्या बादशहाची झोप उडविणाऱ्या वीराला आपला पराक्रम सर्वांत आधी सांगावासा वाटला तो धाकट्या भावाला, यात त्या दोघांचे सारे नाते आले.

पण वसई सहजी पडणारी नव्हती. तीन बाजूंनी खाडी आणि समुद्र. जमिनीकडून जायला एकच उत्तरेची बाजू, आणि तिथे भक्कम तट व बुरूज. अप्पांनी आधी भोवतालची ठाणी उचलली. १७३९ च्या जानेवारीत माहीम आणि तारापूर घेतले. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोलाचा मोहरा गमावला. त्याच सुमारास अनूबाईंचे यजमान व्यंकटराव घोरपडे गोव्याकडच्या साष्टीत उतरले आणि त्यांनी मडगावपर्यंत मजल मारली. गोव्यातून वसईला कुमक निघणे त्यामुळे अवघड होऊन बसले. मेहुण्या-मेहुण्यांची अशी जोडी आपल्या इतिहासात विरळाच.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आपापली पथके घेऊन आले; समुद्राकडून मानाजी आंग्रे उभे राहिले. इकडे वेढा चालू, तर तिकडे नादिरशहा दिल्लीत शिरलेला. बाजीराव खानदेशात अस्वस्थ. निवडक फौज वसईच्या तटाखाली गुंतलेली, आणि ती सुटल्याखेरीज उत्तरेकडे पाऊल टाकता येत नाही. भाऊ खोळंबला आहे, हे ओझे मनावर घेऊन अप्पा त्या चिखलात उभे होते. तटाखाली सुरुंग नेत होते. काही सुरुंग उलटून आपलीच माणसे गारद होत होती. अखेर अप्पा म्हणाले, किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन माझे शीर तरी आत पाडा, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. लोकांनी ती या माणसाच्या नावावर घातली, हेच पुरेसे बोलके आहे. मे महिन्याच्या आरंभी सेबास्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले, आणि पोर्तुगिजांनी तहाचे निशाण लावले.

मला अप्पांची ओळख पटते ती या विजयानंतरच्या आठ दिवसांत. मराठ्यांची मेलेली आणि जखमी मिळून पाच हजारांच्या घरात माणसे कामास आली होती. असा संतापलेला विजेता शहर लुटून जाळतो, हा त्या काळचा शिरस्ता. अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणे फडकवीत बाहेर जाऊ दिले. बायकामुले आणि सामान हलवायला आठ दिवसांची मुदत दिली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल असे तहात लिहून दिले. धर्माच्या नावाने झालेल्या जुलमावरून पेटलेले युद्ध धर्माची मुभा देऊन संपविणे, याला मनगटापेक्षा मन मोठे लागते.

वसईहून आलेल्या घंटा आजही आपल्या देवळांतून टांगलेल्या आहेत. भीमाशंकरास आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी माता आणि बाळ येशू यांचे चित्र आहे, आणि साल कोरले आहे १७०७. अप्पांच्या जन्माचे सालही तेच धरतात. गेल्या वर्षी मुलांची सहल तिथे नेली, तेव्हा मी ते साल बोटाने दाखविले. कुणाचे फारसे लक्ष नव्हते. डबे उघडायची घाई होती. आणि खुद्द वसईला मराठी अमलात नाव मिळाले ते बाजीपूर. झुंजला धाकटा, नाव लागले थोरल्याचे. अप्पांना यात काही वावगे वाटले असेल, असे मला वाटत नाही.

येथवर सारे उजळ आहे. पण सणाच्या दिवशीदेखील दिव्याखालची बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. बाजीराव आणि मस्तानी ही कथा नाटक-चित्रपटांनी घरोघर पोचविली आहे, म्हणून तपशिलात शिरत नाही. राधाबाईंचा विरोध, भिक्षुकांचा हट्ट, पुण्यातली कुजबूज या साऱ्यांत अप्पा आणि तरुण नानासाहेब घराच्या बाजूने उभे राहिले, आणि बाजीराव स्वारीवर असता मस्तानीला अटकेत ठेवण्यापर्यंत पाळी आली. अप्पांनी हे भावाच्या आणि दौलतीच्या हितासाठी केले, असे त्यांचे कैवारी म्हणतात. असेल. पण ज्याने परक्या किल्लेदाराला मानाने वाट करून दिली, त्याला आपल्याच घरातल्या एका स्त्रीला तेवढी वाट करून देता आली नाही, हेही खरे. घर सांभाळणाऱ्या माणसाकडून घराच्या नावाने अन्याय होतो, तो असा. मुलांना मी हे वगळून शिकवीत नाही.

मग १७४० साल उजाडले. वर्षाच्या आरंभी पुण्यात रघुनाथरावांची मुंज आणि अप्पांचा एकुलता मुलगा सदाशिव याचे लग्न अशी कार्ये झाली. बाजीराव मात्र त्यांना नव्हते. ते नासिरजंगाशी गोदावरीकाठी लढत होते. त्या मोहिमेत दोघे भाऊ पुन्हा एकत्र आले. फेब्रुवारीअखेर तह झाला; बाजीराव खरगोणकडे वळले, अप्पा माघारी आले आणि नानासाहेबांना घेऊन आंग्र्यांचा घरचा तंटा मिटवायला कुलाब्यास उतरले. तिथेच त्यांना बातमी कळली: २८ एप्रिल रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीराव गेले.

आणि येथे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. पुतण्या एकोणीस वर्षांचा. काका तेहतीसचा, वसईचा विजेता, महाराजांच्या मर्जीतला, कारभाराच्या खाचाखोचा जाणणारा. काकाने हात पुढे केला असता तर नवल वाटण्याजोगे काय होते? शिवाय दुसरा दावेदार उभा होताच. बारामतीचे बाबूजी नाईक, म्हणजे भिऊबाईंचे दीर. बाजीरावांच्या कर्जाचा तगादा त्यांचा, आणि पाठीशी नागपूरचे रघूजी भोसले. सावकार सोयरा होता, आणि सोयरा प्रतिस्पर्धी. अशा वेळी अप्पांनी आपले सारे वजन पुतण्याच्या पारड्यात टाकले. त्यांनी त्याला पुढे केले, आणि १७४० च्या जूनअखेर साताऱ्यास पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांच्या अंगावर चढली. काका मागे उभा राहिला. त्याला मागे उभे राहण्याची सवय होती. तेरा वर्षांच्या वयापासून तो तेच करीत आला होता.

त्या वर्षीची दिवाळी मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. घरातला कर्ता जाऊन सहा महिने झालेले. सण कसला आणि आकाशकंदील कसला! भिऊबाई आणि अनूबाई यांनी भाऊबीजेला ओवाळले असेल नसेल, कागदपत्र त्याबद्दल बोलत नाहीत. पण ओवाळायला भाऊ एकच उरला होता, आणि तोही खोकल्याने खंगत चाललेला. १७ डिसेंबर १७४० रोजी अप्पा गेले. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात अप्पांची समाधी आहे. नदीकडे जाणारी येणारी माणसे तिच्यावरून जातात, क्वचित कुणी थांबते. आठ महिन्यांत राधाबाईंचे दोन्ही मुलगे गेले. ती माउली पुढे बारा वर्षांहून अधिक जगली.

मागे राहिला दहा वर्षांचा सदाशिव. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याची आई गेली होती. आता बापही गेला. त्याला आजीने वाढविले. काकाने पुतण्याला पेशवाई मिळवून दिली, आणि पुतण्याने काकाच्या पोराला आपल्या घरात भाऊ म्हणून ठेवून घेतले. १७५० च्या सुमारास कारभारावरून दोघांत बिनसले, इतके की सदाशिवराव कोल्हापूरची पेशवाई पत्करायला निघाले होते. पण तुटण्याइतके ताणले गेले नाही. सदाशिवरावांना कारभार मिळाला आणि घर एक राहिले.

वीस वर्षांनी हाच पोरका मुलगा पानिपतावर हत्तीवर बसला होता. शेजारी नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव, वय अठराच्या आसपास. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. त्यांना पडलेले पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, ते परतले नाहीत. हत्ती रिकामा दिसताच फौजेचा धीर सुटला. सेनापती म्हणून ती चूक होती, असे लढाईचे जाणकार सांगतात, आणि ते बरोबरही असेल. पण भाऊ त्या क्षणी सेनापती नव्हते. ते काका होते. आणि त्यांच्या बाजूला लढून घायाळ झालेला शमशेरबहादूर, मस्तानीचा मुलगा, तोही त्या जखमांनी पुढे गेला. ज्या घराने आईला दार लावले, त्या घरासाठी मुलाने जीव दिला.

आता बाळ, तुझ्या प्रश्नाचे पुरते उत्तर देतो. वाड्यात तीन काका झाले. पहिल्याने पुतण्याला गादीवर बसविले. दुसरा पुतण्यामागोमाग मरणात गेला. तिसऱ्याच्या नावाने ती हाक उरली, आणि आपण ती एकच लक्षात ठेवली. तो तिसरा काका, रघुनाथराव, हा अप्पांचाच पुतण्या. अप्पा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच्या खांद्यावर आणखी पंधरा वर्षे या काकाचा हात राहता तर काय झाले असते, असल्या प्रश्नाला इतिहासात जागा नसते. कादंबरीकाराच्या मनात मात्र ते येते. रघुनाथरावांच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले, तेही वसईलाच. चुलत आजोबांनी पाच हजार माणसांचे मोल देऊन जिथे निशाण लावले, तिथेच.

घरे मोडतात त्यांची गोष्ट होते, आरोळी होते, वर्गातली नक्कल होते. घरे टिकतात त्यांची गोष्ट होत नाही. कारण टिकविणारा माणूस आवाज करीत नाही. पहाटे उठून देव्हाऱ्यापुढे काही ठेवतो आणि कामावर जातो.

यंदा पाडव्याला त्याच देव्हाऱ्यापुढे मी काकांच्या नावाने एक पणती अधिक लावणार आहे. आणि शाळा उघडली, नारायणरावांचा तास पुन्हा आला, की फळ्यावर १७७३ लिहिण्याआधी १७४० लिहीन.